पेटीसाठी घेतलेला माइक

लवकर येणारं हलकं धान कापून झालं की आमच्या गावाचा वास बदलतो. शेताच्या बांधीत कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या ओळींना आमच्याकडे कडपा म्हणतात. त्या दोन-तीन दिवस उन्हात पडून असतात, आणि दुपारी अंगणवाडीतून घरी येताना त्यांचा वास सरळ नाकात शिरतो. अर्धा हिरवा, अर्धा वाळलेला, किंचित दुधाळ. सकाळी दव पडलेलं असतं तेव्हा त्याच कडपांचा वास वेगळा असतो, ओल्या गोणपाटासारखा. यंदाही तो आला. आणि त्याच्यामागे दरवर्षी येणारा प्रश्नही आला.

"मंदाताई, आता आवाज कसा हाये?"

विचारणारी बाई मनानं चांगली आहे. मी म्हटलं, "हाये तसाच हाये."

"होईन वो बरा हळूहळू."

"नाही होत. अन् माझं त्याच्यावाचून अडलंबी नाही."

तिला ते उत्तर आवडलं नाही. आजारी माणसानं बरं होण्याची आशा धरावी, अशी लोकांची अपेक्षा असते. आशा धरली नाही तर निदान उदास तरी दिसावं. मी दोन्ही करत नाही, म्हणून काही जणींना मी गर्विष्ठ वाटते. वाटू दे. माझा आवाज कसा आहे हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांनी वाळलेली तणस मुठीत धरून चोळावी. साधारण तसा आहे. आणि मी त्या आवाजात गाते, मंडईच्या भरल्या जत्रेत, माइकवर. हे सुरू झालं तो हंगाम तीन वर्षांपूर्वीचा.

त्या आधी माझा आवाज म्हणजे गावातली माहीत असलेली गोष्ट होती, जशी तलावाची पाळ किंवा शाळेमागची चिंच. माझं माहेर एकोडीचं. वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्याच मांडीवर बसून मी बोटं फिरवायला शिकले. लग्न होऊन मोहाडीकडच्या या गावात आले आणि इथल्या बायांच्या भजन मंडळात शिरले. बारा वर्षं मीच पुढे गायचे. काळी पाचच्या उंच पट्टीत. दहा खंजिऱ्या आणि तेवढेच टाळ एकदम वाजत असले तरी माझा आवाज त्यांच्या वरून जायचा. देवळात आम्हांला माइक लागायचा नाही, असं बाया अभिमानानं सांगायच्या. मलाही तो अभिमान होता. पाळीवर धुणं धुणारीला देवळातलं गाणं शब्दासकट ऐकू गेलं पाहिजे, एवढंच मला गाण्यातलं कळायचं.

मग गळ्यात गाठ आली. पोळ्याच्या आधी नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. इथे गाठ, आणि तिला चिकटून जाणारी ही आवाजाची नस. "जपूनच करू, पण नसेला धक्का लागू शकतो. लागला तर आवाज बदलेल," ते म्हणाले होते. मी समजून सही केली होती. गाठ साधी निघाली. शुद्धीवर आल्यावर मी नवऱ्याला पाणी मागितलं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटलं मी बोलले. बाहेर काही आलंच नव्हतं.

दीड महिन्यानं जे आलं ते हे. खोल, फाटका, मध्येच तुटणारा आवाज. वरचे सूर संपलेले. अंगणातून गोठ्यातल्या माणसाला हाक मारायची तर परातीवर पळी वाजवावी लागायची.

भेटायला येणाऱ्या बाया दोन तऱ्हेच्या होत्या. काही माझ्याशी स्वतःही कुजबुजत बोलायच्या, जणू घरात कुणीतरी निजलंय. काही अगदी ओरडून बोलायच्या, जणू माझे कान गेलेत. आणि दोन्ही तऱ्हेच्या बाया थोड्या वेळानं माझ्यासमोरच माझ्याबद्दल नवऱ्याशी बोलायला लागायच्या. "जेवते काय बरोबर? रडते काय?" मी तिथेच बसलेली असायची. आवाज गेला की माणूस खोलीतून अर्धं उठून जातं, हे मला तेव्हा कळलं.

फक्त मी शिकवते त्या अंगणवाडीतल्या पोरांनी असं काही केलं नाही. पहिल्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग एकेक करत पुढे सरकली, आणि शेवटी सगळी माझ्या गुडघ्यांना चिकटून बसली. एक पोरगी घरी जाऊन सांगत होती म्हणे, बाई आता कानात सांगते. तिला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. उलट काहीतरी खास मिळाल्यासारखं ती ते सांगत होती.

दसरा झाला. हलक्या धानाची कापणी लागली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे एक दिवसाची जत्राच. त्या दिवशी दुपारी बायांच्या मंडळाचं भजन असतं. त्याची तयारी एका दुपारी देवळाच्या सभामंडपात सुरू झाली. मी पेटी घेऊन नेहमीच्या जागी बसले. माझी धाकटी जाऊ शोभा माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनं हळूच माझ्या हातावर हात ठेवला.

"बाई, यंदा तुमी पेटीच धरा. मी म्हणतो पुढं. गळ्यावर ताण नको तुमच्या."

शोभाचा आवाज गोड आहे, सुरातही आहे. मी मान डोलावली. सगळ्यांच्या तोंडावर एकदम सुटल्यासारखं दिसलं, आणि मला राग आला तो त्या सुटण्याचा आला. माझ्या जागी कुणीतरी येणार हे मलाही कळत होतं. पण माझं काय करायचं हा प्रश्न इतक्या लवकर, इतक्या गोडीनं सुटेल असं वाटलं नव्हतं.

आता पेटीची गंमत अशी की आमच्या मंडळात ती कधी कुणाला ऐकूच यायची नाही. मंडईत मंडळाला एक माइक मिळायचा, तो गाणारीच्या तोंडापुढे. पेटी खाली, खंजिऱ्यांच्या मध्ये. मी बारा वर्षं पेटी वाजवली ती स्वतःला सूर धरायला. आता मी गाणार नाही, आणि पेटी ऐकू येणार नाही, म्हणजे मी तिथे बसून करणार काय? भाता हलवणार. चार दिवस हा विचार डोक्यात घुमला. पाचव्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, भंडाऱ्याला चला, मला पेटीसाठी माइक घ्यायचा आहे.

त्याला वाटलं, बायको कशात तरी रमते आहे, रमू दे. दुकानात गेलो. दुकानदार प्रश्न मला विचारायचा, आणि उत्तर नवरा द्यायचा. दोन-तीनदा असं झाल्यावर मी नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला सारलं आणि काउंटरवर वाकून स्वतः विचारलं, "हा कोनता माइक होय?"

दुकानदारानं माझा आवाज ऐकला आणि काही विशेष न वाटल्यासारखा बोलत राहिला. त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, आता मानते. "हा डायनॅमिक माइक होय, ताई. शिकणारे लोक हाच घेतात. पेटी, ढोलकी, गाणं, कायलेबी चालते. महागाचे असतात ना, ते पंख्याचा आवाजबी धरतात, रस्त्यावरचा हॉर्नबी धरतात. हा नाही धरत. हा समोरचं अन् जवळचं आयकते. दूरचं याले कळत नाही. अन् पडला तरी काही होत नाही याले." असं म्हणून त्यानं तो काउंटरवर ठोकून दाखवला.

माइक हातात घेतला तर चांगला वजनदार लागला. काळा, डोक्याला तारेची जाळी, मानेवर एक बटण. त्यासोबत वायर, एक ठेंगणा स्टँड, आणि मोबाइलला जोडून रेकॉर्डिंग करता येईल अशी एक छोटी डबी. येताना मी ते खोकं मांडीवर धरून बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उशिरा येणारं भारी धान अजून उभं होतं, पिवळं पडत आलेलं.

त्या कार्तिकातल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा आठवतात. घरातले सगळे कापणीला गेलेले. माझ्या गळ्यामुळे मला धुळीत जायला मनाई. अंगणात शेणसड्यावर ऊन पडलेलं, वळचणीला मक्याची कणसं टांगलेली, लांब कुठेतरी थ्रेशरचा घर्रघर्र आवाज. मी ओसरीवर पेटी मांडायची, समोर माइक उभा करायचा, कानांना हेडफोन लावायचे आणि वाजवायचं. पहिल्या दिवशी माइक अगदी पुढ्यात ठेवला तर भात्याचा उसासा आणि पट्ट्यांची खटखटच जास्त आली. मागे नेऊन ठेवला तेव्हा सूर भरून आले. वीतभर इकडे, वीतभर तिकडे. बारा वर्षं जी पेटी मी वाजवत होते ती मी पहिल्यांदा ऐकत होते. तिचा एक सूर जरा रडका होता, हेही तेव्हाच कळलं.

तिसऱ्या दिवशी वाजवलेलं मी मोबाइलवर परत ऐकत होते. पेटीच्या सुरांखाली काहीतरी होतं. आधी वाटलं वायरीतली खरखर असेल. मग त्या खरखरीत शब्द आहेत हे लक्षात आलं. वाजवता वाजवता मी पेटीवर वाकले होते, तोंड माइकच्या जवळ गेलं होतं, आणि मी गात होते. मला पत्ताही नव्हता.

मी हेडफोन काढून फेकले. खरं सांगते, किळस आली. आपलं एखादं दुखरं अंग अचानक आरशात दिसावं तसं झालं. ते रेकॉर्डिंग पुसायला मोबाइल उचललाही. पण पुसलं नाही. का नाही ते सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं तशी मी ते पुन्हा लावलं, आणि या वेळी ती मी नाहीच असं धरून ऐकलं. कुणीतरी परकी बाई. वयानं मोठी, बरंच काही सोसलेली, आणि तरी सुरात असलेली. ती सुरात होती. एवढंच मी स्वतःला विचारलं होतं आणि उत्तर होय असं आलं.

मग मी माइक पेटीसमोरून उचलून माझ्याकडे वळवला.

पुढचे दहा-बारा दिवस मी त्या माइकशी भांडत आणि शिकत काढले. लांबून गायलं तर त्याला माझं काही कळायचंच नाही. जाळीला ओठ टेकतील इतकं जवळ गेलं की माझ्या आवाजाला बुड यायचं, जाड सूर अंगासकट उभे राहायचे. पण तिथे 'प' आणि 'भ' म्हटलं की कानात फटाका फुटायचा. मग तोंड जरासं तिरकं धरायला शिकले. श्वास कुठे घ्यायचा ते शिकले, कारण हा माइक श्वासही लपवत नाही. काळी पाच सोडली. खाली खाली येत पांढरी एकवर आले, म्हणजे पुरुषांच्या पट्टीवर. तिथे माझे पाच-सहा सूर शाबूत होते. पाच-सहा सुरांत एक गाणं होतं. पूर्वी मी आवाज फेकायचे, जेवढा लांब जाईल तेवढा चांगला. आता तो ठेवायला शिकत होते. फेकण्यापेक्षा ठेवणं अवघड असतं, कारण ठेवलेली गोष्ट माणूस जवळून बघतो.

एका दुपारी सुगंधाबाई आली. ती आमच्या मंडळातली खंजिरीवाली. तिच्या घरी तलावावरची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची. नवरा गेल्यावर जाळं तिनंच हातात घेतलं, आणि डोंगा म्हणजे होडीही तीच चालवते. मंडळात मात्र ती कायम मागच्या रांगेत बसायची. का, ते कुणी बोलायचं नाही, आणि मीही बारा वर्षं पुढे बसून कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिनं शिंगाडे आणले होते. ओसरीवर टेकली आणि हेडफोनकडे बोट दाखवून म्हणाली, "काय आयकून राहिली वो?"

मी ते तिच्या कानांना लावले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली.

"हा कोनाचा आवाज होय?"

"माझाच."

"खराब हाये," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पन सोडून जावासा नाही वाटत. पुन्हा लाव."

दोनदा ऐकलं तिनं. मग खंजिरी नव्हती म्हणून शिंगाड्याच्या टोपलीवर ठेका धरत तिनं तिचं स्वतःचं एक गाणं म्हणून दाखवलं. जाळं विणताना तिनंच रचलेलं, बोडीवरचं, म्हणजे छोट्या तळ्यावरचं. मंडळात तिनं ते कधी म्हटलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

बोडीचं पाणी आटलं तं आटू दे,
जाळं माझं फाटलं तं फाटू दे,
हात हायेत माझे, मी विनीन माय,
कोनाले वाईट वाटलं तं वाटू दे.

"हे गोड गळ्यावर बसत नाही," सुगंधाबाई म्हणाली. "शोभानं म्हटलं तं बारशाचं गानं वाटन. तू म्हन."

त्यानंतर ती रोज दुपारी यायला लागली. खंजिरीचं चामडं कार्तिकातल्या दमट हवेत सैल पडतं, म्हणून ती आधी आमच्या चुलीच्या निखाऱ्यावर ती शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची, पुन्हा शेकायची. एकच माइक, त्यामुळे तो आमच्या दोघींच्या मध्ये कुठे ठेवायचा याचेच दहा प्रयोग झाले. खंजिरी जवळ आली की ती मला गिळायची. शेवटी सुगंधाबाई स्वतःच उठून दारापर्यंत मागे गेली आणि तिथून वाजवायला लागली. तिथून वाजलेली खंजिरी रेकॉर्डिंगमध्ये अशी आली की घरामागून कुणीतरी चालत येतंय.

मंडईत मी हे गाणं म्हणणार, असं मी मंडळात सांगितलं. शोभाचे डोळे भरून आले. तिला माझी खरीच काळजी होती. "लोक हासतीन, बाई," ती म्हणाली. "तुमचं नाव हाये गावात. लोकाहीच्या कानात तुमचा पहिलेचा आवाज हाये. तो राहू द्या ना."

"तो मी मेल्यावर राहू दे," मी म्हटलं. "मी जिती हावो अजून."

शेवटी एक गाणं माझं, बाकीची शोभाची, असं ठरलं. कुणाला पटलं म्हणून नव्हे. मी उठत नव्हते म्हणून.

घरी मात्र ते तितकं सोपं गेलं नाही. भारी धान कापून त्याचं पुंजणं म्हणजे गंजी रचून झालं होतं आणि खळ्यावर थ्रेशर लागला होता. मी डोक्याला आणि तोंडाला फडकं बांधून जेवण घेऊन गेले. नवऱ्याला शोभाच्या घरून कळलं होतं. थ्रेशरच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "कायले आपलं हसं करून घेतं, मंदा? पेटी वाजवतो म्हनली होतीस ना?"

मी उत्तर दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. "काय?" त्यानं ओरडून विचारलं. मी पुन्हा बोलले असते तर गळा दुखला असता. तो पुन्हा ओरडला, "मोठ्यानं बोल." सवयीनं बोलला, आणि बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोंड उतरलं त्याचं.

मी डबा तणशीवर ठेवला आणि तिथेच उभी राहिले. पुढे गेले नाही. हातानं खूण केली, इकडे या. पेंढ्या टाकणाऱ्या माणसाला थांबायला सांगून तो पुढे आला, अंगावर सगळा भुसा घेऊन. आणखी जवळ या, अशी मी खूण केली. तो वाकला. त्याच्या कानाशी मी म्हटलं, "मी आता मोठ्यानं कधीच नाही बोलनार. ज्याले आयकाचं त्यानं जवळ यावं. तुमीबी."

तो तसाच वाकून उभा राहिला. मग म्हणाला, "मले भेव वाटते, मंदा. तुले कोनी हासलं तं मी तिथं काय करू?"

"काही नका करू. समोर बसा."

मंडईचा दिवस उजाडला. सकाळपासून गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांचे डफरे वाजत होते. शाळेच्या मैदानावर जिलेबीची कढई, भज्यांचा धूर, उसाच्या मोळ्या, बांगड्यांच्या पाट्या. दुपारी दोनच्या सुमारास आमचं मंडळ स्टेजवर चढलं. साउंड लावणारे भाऊ बपेऱ्याकडचे होते. त्यांनी माझा माइक घेऊन पाहिला, पेटीसमोर लावला आणि म्हणाले, "पेटीले वेगळा माइक? बढिया." शोभानं तीन गाणी म्हटली. छान म्हटली. लोक टाळ्या वाजवत होते.

मग मी माइक स्टँडवरून काढून हातात घेतला. साउंडवाले भाऊ टेबलामागून हात हलवून सांगायला लागले, तो पेटीचा आहे, गाण्याचा दुसरा आहे. मी माझ्या गळ्याकडे बोट केलं आणि मग दोन बोटं वर केली: आवाज वाढवा. मग त्यांनी वाढवला.

सुगंधाबाई मागच्या रांगेतून उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. कुणाला न विचारता. तिनं ठेका धरला आणि मी जाळीला ओठ टेकवले.

पहिली ओळ भोंग्यांतून बाहेर पडली आणि मैदान दचकलं. मला ते दिसलं. जिलेबीवाल्यानं मान वर केली. पुढे बसलेल्या काही तरुण पोरी एकमेकींकडे बघून हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, माइक बिघडला. दुसरी ओळ. माझा सूर मध्येच तुटला, जसा तो रोज तुटायचा, आणि मी तो जिथे तुटला तिथूनच उचलला. हसणं अजून होतं. नवरा दुसऱ्या रांगेत मांडी घालून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून.

पहिलं कडवं संपलं आणि मंडईच्या कमिटीचे एक गृहस्थ पायऱ्या चढून आले. वाईट माणूस नव्हता. काळजीनंच आला होता. माझ्यापाशी वाकून म्हणाला, "वहिनी, पुरे आता. तब्येत बरी नाही तुमची. शोभावहिनीले म्हनू द्या."

मी त्यांच्याकडे तोंड वळवलं, पण माइक तोंडापासून हलवला नाही. बटण चालूच होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजून दोन कडवी हायेत."

ते वाक्य चारही भोंग्यांतून साऱ्या मंडईवर गेलं. उसाच्या मोळ्यांपर्यंत, बांगडीवाल्यांपर्यंत, पलीकडे रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांपर्यंत. गृहस्थ जागीच थांबले. पोरी हसायच्या थांबल्या. आणि तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूला शोभानं तिच्या हातातला माइक बंद करून खाली ठेवला, टाळ उचलले, आणि सुगंधाबाईच्या ठेक्यावर ते वाजवायला लागली. तिच्या मागोमाग बाकीच्या. दुसरं कडवं आम्ही सगळ्यांनी म्हटलं. धृपद आलं की त्यांचे गोड, उंच आवाज वर चढायचे आणि माझा खाली जमिनीसारखा राहायचा. तिसरं कडवं मी एकटीनं म्हटलं, कारण ते तसंच ठरलं होतं.

टाळ्या पडल्या, पण शोभाला पडल्या तेवढ्या नाहीत. काही जण न वाजवता उठून गेले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. सगळं मैदान उठून उभं राहिलं असं मला सांगता आलं असतं, पण तसं झालं नाही, आणि तसं व्हावं म्हणून मी गेलेही नव्हते. खाली उतरल्यावर एक अनोळखी म्हातारी माझा हात धरून उभी राहिली. नवऱ्यानं पेटी उचलली. चालता चालता म्हणाला, "सूर तुटला तवा वाटलं आता बंद करतं." मी म्हटलं, "मलेबी तसंच वाटलं होतं." मग आम्ही जिलेबी घेतली.

तेव्हापासून तीन हंगाम झाले. आवाज सुधारला नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढाच. नस जिथे थांबली तिथे थांबली. एक मात्र झालं, सुगंधाबाई आता मागच्या रांगेत बसत नाही, आणि तिला तिथे बसायला सांगायची कुणाची छातीही होत नाही. ती वर्षभर गाणी रचते. शोभा आणि मी आलटून पालटून गातो. कधी माझ्यामुळे तिला पट्टी खाली आणावी लागते, ती कुरकुरते, मी ऐकून घेते आणि पट्टी तीच ठेवते. माझ्याबद्दल अजूनही बोललं जातं. एवढी हौस कशाला, गेलेल्या गोष्टीच्या मागे लागू नये, देवानं सुचवलं ते समजून घ्यावं. देवानं काय सुचवलं ते मला ठाऊक नाही. त्यानं आवाज नेला असेल तर मन का नेलं नाही, हे त्याला विचारायचं राहिलं आहे.

परवा कमिटीचे लोक घरी आले. तेच गृहस्थ पुढे होते. यंदा मंडळं वाढली आहेत, म्हणाले, वेळ कमी पडणार. बायांच्या मंडळाला तीनच गाणी, आणि त्यातलं तुमचं एक धरू, चालेल ना. ते अगदी आदरानं बोलत होते. चहा घेत होते. बाहेर अंगणात ट्रॉलीतून धानाची पोती उतरत होती आणि सगळ्या घरभर त्याची बारीक धूळ होती.

मी कागद मागून घेतला. त्यावर मंडळाचं नाव लिहिलं आणि खाली एकाखाली एक चार गाणी लिहिली. दोन शोभाची, दोन माझी. कागद त्यांच्यासमोर सरकवला.

त्यांनी वाचला. "वहिनी, चार झाली ना ही."

"हो जी," मी म्हटलं. "चारच म्हननार हावो."